हुकाखालचा हात

टण्ण!

किटलीची चोच कपाच्या काठावर आपटली आणि दुपारच्या निजलेल्या घरात तो आवाज केवढ्याने तरी घुमला. माझ्या लेकीने, भिंगरीने, कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपून गेली. हातातली कपड्याची घडी तशीच टाकून मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी माझा नवरा चहा ओतत होता. हात स्थिर, धार सरळ, चेहरा अगदी एकाग्र. आणि चहा कपाच्या अलीकडे, ओट्यावर.

"अरे, काय करतोयस?"

"चहा ओततोय."

"कशात?"

त्याने किटली उभी केली. चहा ओट्यावरून ओघळून जमिनीवर ठिबकायला लागला होता.

"खालच्या कपात," तो म्हणाला.

"कप एकच आहे."

"ते माहितेय मला. मला वाटलं, खरा खालचा असेल."

सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, आम्ही दोघंच असलो की 'अरे', आणि भांडायचं असलं की दोघंच असूनही 'अहो'. त्या दुपारी मी विचारलं, "अहो, हे कधीपासून?" तेव्हा त्याला कळलं की आता लपवण्यात अर्थ नाही.

"परवापासून. टेंगूळ आलं तेव्हापासून."

माझा नवरा लोखंडी पत्र्यांच्या गोदामात क्रेन चालवतो. शेडच्या छताखाली दोन्ही भिंतींना रूळ आहेत. त्यांच्यावरून एक भलीमोठी लोखंडी तुळई मागेपुढे धावते, आणि तिला पिंजऱ्यासारखी एक केबिन टांगलेली आहे. त्या पिंजऱ्यात बसून हा दिवसभर खाली बघतो. लग्नाआधीपासून त्याचं कामच ते, खाली बघणं. केबिनमधून उतरायच्या शिडीपाशी एक पाइप नेमका डोक्याच्या उंचीवर आडवा गेलेला आहे. तो हलवा, तो हलवा, असं सांगून सगळ्यांच्या जिभा झिजल्या होत्या. परवा उतरताना तोच ह्याच्या डोक्यात बसला. हेल्मेट होतं म्हणून टेंगळावर निभावलं. घरी सासूबाईंनी बर्फ लावला, भिंगरीने फुंकर घातली, आणि बाबांच्या डोक्यावर लिंबू उगवलं म्हणून आम्ही सगळे पोटभर हसलो.

"आणि काल तसाच वर चढलास?"

"चढलो. खाली बघितलं तर दोन हूक. एक, आणि त्याच्या जरा खाली तिरका दुसरा. लगेच उतरलो. पोट बिघडलंय म्हटलं." तो फडक्याने ओटा पुसायला लागला, तेही डागाच्या अलीकडे. "उद्या खरं सांगून टाकणार आहे."

"सांगायची काय एवढी निकड आहे?" सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांची झोप मांजराची. "चार दिवस पोटाचंच चालू दे. डोळ्याचं काय, येईल ठिकाणावर. आपण होऊन लोकांच्या तोंडी कशाला लागायचं?"

"आई, हुकाखाली मामाचा हात असतो."

सासूबाईंनी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि डाग स्वतः पुसला. मामा त्यांनाही माहीत होता. तो कुणाचाच सख्खा मामा नाही आणि अख्ख्या शेडचा मामा आहे. पत्र्याच्या गुंडाळीभोवती तो साखळी आवळतो, वरून हूक सावकाश खाली येतो, आणि मामा साखळीची कडी हाताने त्या हुकात अडकवतो. मग मागे सरून अंगठा वर करतो. तेवढ्या घटकेपुरती त्याची बोटं लोखंडाच्या आणि लोखंडाच्या मध्ये असतात.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. हौस म्हणून नाही. बसमधून उतरताना ह्याचा पाय पायरीवर पडेल की पायरीच्या भुतावर, ह्याचा भरवसा नव्हता.

कंपनीचे डॉक्टर प्रसन्न माणूस. त्यांनी ह्याला खुर्चीत बसवलं आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. "डावा झाका. वाचा." ह्याने पार शेवटच्या बारीक ओळीपर्यंत खडाखड वाचलं. "आता उजवा झाका." तेही खडाखड.

"वा! तुम्ही विमान चालवायचं, क्रेन काय चालवता!"

"डॉक्टर, एकेका डोळ्याने एकच दिसतं. दोन्ही उघडले की दोन होतात. खाली बघितलं की जास्तच."

"मग एक मिटा की!" डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर दिलखुलास हसले. बाजूचा कंपाउंडरही हसला.

मला हसू आलं नाही. बैलजोडी पारखायला बोलावलेल्या माणसाने एकेक बैल वेगवेगळा गोठ्याबाहेर काढावा, दात बघावेत, पाठ थोपटावी, आणि गाडीला न जुंपताच सांगावं, जोडी उत्तम! अहो, एकेक बैल उत्तम आहे हे आम्हीही सांगतोय. दोघं मिळून एका वाटेने चालतायत का, ते बघा ना. पण तेवढंच एक त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या तपासणीत दोन्ही डोळे एका वेळी उघडे ठेवायची पद्धतच नव्हती.

"फिट," ते म्हणाले. "पुढचा."

शिफ्टचे साहेब त्यांच्या काचेच्या खोलीत होते. डॉक्टरांचा फोन आमच्या आधी पोचला होता.

"डॉक्टर म्हणतात फिट, तू म्हणतोस नाही. मी ऐकू कुणाचं?"

"साहेब, माझ्या नजरेचं मलाच जास्त कळणार ना?"

"बरं, मग असं कर. एका डोळ्यावर पट्टी बांध. एका डोळ्याने एकच दिसतं असं डॉक्टरांना म्हणालास ना? मिटला प्रश्न."

"हूक एक दिसेल साहेब, पण किती खाली आलाय ते नीट कळणार नाही. मी दोन डोळ्यांवर शिकलोय. वीतभर अंतर आहे म्हणून सोडेन आणि चार बोटंच असलं तर?"

"तर मामा ओरडेल. तोंड आहे त्याला." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग आवाज खाली आणला, जसा काही मोठा उपकार करतायत. "खरं सांग. हे नाही ना काही?" आणि अंगठा तोंडाशी नेला.

हा एवढासा झाला. माझा नवरा खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतो. मी म्हटलं, "साहेब, ह्यांचं डोकं तुमच्या पाइपवर आपटलंय. त्या पाइपने घेतली असेल तर आम्हाला माहीत नाही."

"बाई, तुम्ही घरचं बघा."

"घरचंच बघतेय."

बाहेर आल्यावर हा माझ्यावर रागावला. "कशाला बोललीस?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही बोलला नाहीत म्हणून." सबंध बसभर आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नाही. उतरताना मात्र त्याने निमूटपणे माझा हात धरला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. अशा बातम्यांना पाय नसतात, पंख असतात. कोपऱ्यावरचा दुकानदार ह्याला म्हणाला, "काय राव, बायकोपण दोन दिसत असेल. चैन आहे!" हाही हसला. काय करणार? घरी येऊन मला म्हणाला, "एकीलाच पुरता पडत नाही म्हणून सांगितलं त्याला." मग तोंड धुवायला गेला तो बराच वेळ बाहेरच आला नाही.

त्याच आठवड्यात आम्हाला एक गंमत सापडली. म्हणजे त्याला. मान डाव्या खांद्याकडे कलती केली की दोनाचं एक व्हायचं. अगदीच खाली बघताना नाही, पण ताटातलं जेवताना, बूट घालताना जमायचं. मग तो कायम तसाच, कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखा बसायचा. सासूबाईंना ते बघवेना. "मान सरळ ठेव रे, लोक म्हणतील वारं गेलं अंगावरून." आणि दोन दिवसांनी बघते तर भिंगरी मान डावीकडे टाकून घरभर फिरतेय. बाहुलीचीही मान तिने तशीच वाकवून ठेवलेली.

"बाबा, आता मी किती?"

त्याने मान सरळ केली, तिच्याकडे खाली पाहिलं. "दोन."

"कशा आहेत?"

"एक गुणाची आहे. दुसरी माझ्या बुटात पाणी ओतते ती."

"मग गुणाचीला उचल."

त्याने वाकून हात पुढे केले. मीही नकळत हात पुढे केले. त्याने डोळे मिटून घेतले, हातांनीच तिला चाचपलं आणि उचललं. भिंगरी खिदळली. मी कुकर बघायला आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

मोठ्या दवाखान्यात नंबर लागला तेव्हा आम्हाला माझ्याच वयाची एक मुलगी मिळाली. डोळ्यांच्या हालचाली तपासणं एवढंच तिचं काम. तिने तक्ता दाखवला नाही. ती ह्याच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली, दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि एक बारीक बॅटरी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवत नेली. मग नाकापाशी आणली. मग ह्याची मान दोन्ही हातांत धरून एकदा ह्या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे कलती केली. उजवीकडे नेल्याबरोबर हा ओरडला, "आत्ता दोन! लांब लांब दोन!"

"सापडलं," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ह्याच्या बोलण्यावर मान डोलावली होती. मला रडूच यायला लागलं.

तिने हातवारे करून सांगितलं. प्रत्येक डोळ्याला ओढून धरणारे सहा स्नायू असतात. आपण जवळचं बघतो, लांबचं बघतो, मान हलवतो, पायऱ्या उतरतो, तेव्हा मेंदू दर वेळी दोन्ही डोळ्यांना मिळून हुकूम सोडतो, की ह्या एवढ्या अंतरावरच्या ह्या एका जागी दोघांनी एकदम पोचायचं. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. त्यातला एक स्नायू डोळा खाली वळवायला मदत करतो. त्याची नस दोऱ्याहून बारीक. मेंदूच्या मागच्या बाजूने निघते आणि वळसा घालून पुढे येते. वाट लांबची, म्हणून साध्या धक्क्यानेही दुखावते.

"म्हणजे हुकूम सुटतो, पण उजव्याला पोचत नाही?" ह्याने विचारलं.

"पोचतो, पण अर्धामुर्धा. डावा जागेवर गेलेला असतो, उजवा थोडा वरच राहतो."

ह्याने दोन्ही हातांचे तळवे समोर धरले, एक जरा वर. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, क्रेनचं असंच असतं. तुळईच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, दोन्हीकडे मोटर. एका बाजूची मोटर मंद झाली की तुळई तिरकी धावायला लागते, रूळ खरवडते. तसं झालं की आम्ही क्रेन बंद करतो. लगेच. साहेबच सांगतात, बंद करा." त्याने उजव्या डोळ्यावर बोट टेकवलं. "लोखंडाची असली की बंद करतात."

त्या मुलीने सांगितलं, बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. नाही सुधारलं तर चष्म्यात वेगळी काच घालता येते, ऑपरेशनही असतं. पण तोवर उंचावर चढायचं नाही आणि खाली बघायचं काम तर मुळीच करायचं नाही. तिने तसं लिहूनही दिलं.

साहेबांनी तो कागद वाचला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"काही महिने म्हणजे किती? तोवर क्रेन काय मी चालवू? हे बघ, आमच्या डॉक्टरांनी तुला फिट दिलंय. फिट माणूस कामावर आला नाही तर ती दांडी होते. सरळ हिशोब आहे."

"खाली कुठलंही काम द्या साहेब. झाडू मारीन, गेटवर बसेन."

"खाली जागा नाही."

"मग थांबेन. पण वर जाणार नाही."

"अरे बाबा, सगळे करतात ना ॲडजस्ट! कुणाची पाठ दुखते, कुणाला झोप नसते. तुझंच काय सोन्याचं आहे? उद्या वर चढ. नाहीतर हेल्मेट आणि केबिनची किल्ली आणून दे."

मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता हा चिडेल. ह्याने कधीतरी एकदा टेबलावर हात आपटावा असं मला फार वाटत होतं. तो चिडला नाही. साहेबांचं बोलणं नीट ऐकू यावं तशी त्याची मान डाव्या खांद्याकडे कलली, आणि साहेब ओरडले, "मान सरळ करून बोल! कसली मिजास दाखवतोस?"

त्याने मान सरळ केली. समोर त्याला दोन साहेब दिसत असणार. "किल्ली आणून देतो," तो दोघांनाही म्हणाला.

त्या दिवशी घरी सासूबाईंनी ताटावर बसल्या बसल्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग एकदम ह्याच्यावर घसरल्या. "तरी मी सांगत होते, गप्प बस म्हणून! खरं बोलून कुणाचं भलं झालंय?"  थोड्या वेळाने त्याच उठल्या आणि त्याच्या ताटातली वाटी त्याच्या हाताशी नीट सरकवून ठेवली.

किल्ली द्यायला आम्ही तिघं गेलो. भिंगरीच्या शाळेला सुट्टी होती, आणि सासूबाईंना एक दिवस तरी दार लावून निजायचं होतं. साहेब जागेवर नव्हते. कुणा कारकुनाने हेल्मेट आणि किल्ली घेतली आणि मान वर न करता 'बरं' म्हणाला. एवढ्या वर्षांचं काम तेवढ्या 'बरं'मध्ये संपलं. मला त्या कारकुनाचा टेबलावरचा पंखा उचलून आपटावासा वाटला. बिचाऱ्याचा काय दोष होता म्हणा.

जाताना हा शेडच्या दाराशी रेंगाळला. आतून मामा आला, हातमोजे काढत. माणूस बुटका, मिशा मात्र भरघोस. त्याने आधी भिंगरीच्या गालाला हात लावला, गालावर काळा डाग उमटला म्हणून स्वतःच्या बाहीने पुसला, आणि तो आणखी पसरला.

"वहिनी, ह्याला ओरडू नका हां," तो मला म्हणाला. "हा वर असला की मी कधी वर बघितलं नाही. हूक येणार तिथंच येणार. कडी घालायची, अंगठा दाखवायचा. घरी बायको वाढते तेव्हापण मी एवढा निवांत नसतो."

"आता कोण आहे वर?" ह्याने विचारलं.

"लंबू. दोन शिफ्ट मारतोय सलग. तुझी आणि त्याची."

"बरा आहे?"

"सगळे बरे आहेत." मामाने मिशीवरून हात फिरवला. "तू गेल्यापासून शेडची तब्येत ठणठणीत आहे बघ. कुणाचं डोकं दुखत नाही, कुणाला चक्कर येत नाही, कुणाच्या डोळ्यासमोर अंधारी येत नाही. काल एकजण जिन्यावर धडपडला, विचारलं तर म्हणतो, नाचत होतो. साहेब एकदम खूश."

आतून शिट्टी झाली. मामाने मोजे चढवले आणि पळत गेला.

आम्ही जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहिलो. वर घरघर सुरू झाली. तुळई आमच्या दिशेने सरकत आली, तिच्यासोबत केबिन आली, आणि केबिनच्या काचेमागे एक लांबोडकं तोंड दिसलं आणि लगेच मागे सरलं. माझ्या नवऱ्याने वर पाहिलं. वर बघताना त्याला एकच दिसतं. कितीतरी दिवसांनी तो मान ताठ ठेवून उभा होता.

हूक खाली यायला लागला. मामाने साखळीची कडी उचलली, हात पुढे केला, आणि मध्येच थांबला. त्याने वर केबिनकडे पाहिलं. मग पुन्हा हुकाकडे. मग पुन्हा वर.

भिंगरीने माझं बोट ओढलं.

"आई, त्या वरच्या काकांना एकच दिसतं ना?"